सिगारेट सुटली, पण पोट सुटलं: वजन का वाढतं, किती वाढतं आणि त्याचं करायचं काय?

सिगारेट सोडून महिना-दीड महिना झाला की कुणीतरी म्हणतंच, "काय, तब्येत सुधारली की!" म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्याला ते लागतं. पँटचं बटण लागत नाही हे त्याला आधीच कळलेलं असतं. मग एखाद्या संध्याकाळी तो टपरीवर जातो आणि "एकच" म्हणून पेटवतो. विचारलं की उत्तर तयार असतं: सोडली होती हो, पण वजन फार वाढायला लागलं.

हे उत्तर बहाणा म्हणून उडवून लावायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. वजन खरोखर वाढतं, बहुतेकांचं वाढतं, आणि त्यामागे शरीरातली ठरावीक कारणं आहेत. "थोडंफार वाढतं, लक्ष देऊ नका" असं सांगितल्याने कुणाचं समाधान होत नाही. किती वाढतं, कधी थांबतं, त्यातलं किती आपल्या हातात असतं, हे कळलं तर होतं.

आधी आकडा

२०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ६२ अभ्यासांची एकत्र आकडेमोड प्रसिद्ध झाली. औषधांची मदत न घेता सिगारेट सोडलेल्या लोकांचं वजन पहिल्या महिन्यात सरासरी १.१ किलो, तीन महिन्यांत २.९ किलो, सहा महिन्यांत ४.२ किलो आणि वर्षभरात ४.७ किलो वाढलं होतं.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे वर्षातली निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते, पुढे वेग मंदावतो. पहिल्या महिन्याचा काटा पाहून "असंच चाललं तर वर्षात पंधरा किलो" असा हिशेब मांडायचं कारण नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सरासरीच्या आत फार मोठा फरक लपलेला आहे. वर्षभराने पाहिलं तर दर सहा-सात जणांत एकाचं वजन उलट कमी झालं होतं, आणि जवळपास तितक्याच लोकांचं दहा किलोंपेक्षा जास्त वाढलं होतं. तुमच्या मेव्हण्याचं बारा किलो वाढलं म्हणून तुमचंही तेवढंच वाढेल असं नाही.

निकोटीन शरीरात काय करत होतं?

आपण नुसते खुर्चीत बसलेले असतो तेव्हाही शरीर ऊर्जा जाळत असतं: श्वास, हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, मेंदूचं काम. याला चयापचयाचा मूळ वेग म्हणू. ऊर्जा कॅलरीत मोजतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

सिग्नलला उभी असलेली रिक्षा डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर किंचित पिळून धरलाय. रिक्षा जागची हलत नाही, पण इंजिन घुरघुरतंय आणि इंधन जळतंय. निकोटीन शरीराचं हेच करतं. ठोके वाढवतं, रक्तदाब चढवतं, बसल्याजागी कॅलरी जाळायला लावतं. १९८६ सालच्या एका प्रयोगात माणसांना दिवसाला २४ सिगारेटी ओढायला लावून चोवीस तासांचा खर्च मोजला, तर तो साधारण दहा टक्क्यांनी, म्हणजे सुमारे २०० कॅलरींनी जास्त निघाला. सिगारेट सोडली की मूठ सैल होते आणि इंजिन आपल्या मूळ गतीवर येतं. "सोडल्यामुळे माझा मेटाबॉलिझम बिघडला" असं अनेक जण म्हणतात. खरं तर बिघडलेला होता तो आधी.

दुसरं काम मेंदूत चालतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे, भूक आणि तृप्तीचा कारभार तिथून चालतो. निकोटीन तिथल्या "पोट भरलं" असं सांगणाऱ्या पेशींना जागं करतं. २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून हा मार्ग दाखवून दिला. आपल्याकडे हे प्रयोगशाळेशिवायही माहीत होतं. दुपारची भाकरी लांबली की तंबाखूचा बार भरायचा, भूक मरते, हे शेतावर आणि बांधकामावर राबणाऱ्या कुणालाही विचारा.

निकोटीन बंद झालं की ती दाबून ठेवलेली भूक परत येते. त्यातच काही दिवसांत जिभेची चव आणि नाकाचा वास सुधारतो. वर्षानुवर्षं घरचं वरण ज्याला बेचव लागत होतं त्याला अचानक फोडणीचा वास लिफ्टपर्यंत येतो. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणं हे त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतात. भूक मात्र त्यापेक्षा बरीच जास्त काळ रेंगाळते, काहींची दोन-तीन महिने. ती कायमची नाही, एवढं लक्षात ठेवावं.

कॅलरी खरोखर कुठून येतात: टपरीवर

शरीराच्या बाजूचा हिशेब झाला २०० कॅलरींचा. उरलेला हिशेब हाताचा आणि तोंडाचा आहे, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

सकाळी अकराला टपरीवर जायची वेळ ठरलेली. सोबत तेच तिघे-चौघे. पूर्वी एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात सिगारेट. आता दुसरा हात रिकामा. गप्पा दहा मिनिटांच्या, कटिंग संपते तीन मिनिटांत. मग दुसरी कटिंग येते, तीही साखरेची. बरणीतली खारी येते, नाहीतर क्रीमरोल. चार वाजता पुन्हा तेच, आणि या वेळी गाडीवर वडे गरम निघालेले असतात. एका वडापावाच्या साधारण २५० ते ३०० कॅलरी होतात, साखरेच्या एका चमच्याच्या २०. सिगारेटची एकही कॅलरी नव्हती. तेव्हा माणूस "मी काही जास्त खात नाही" म्हणतो ते मनापासूनच म्हणतो, कारण जेवणाच्या ताटात काहीच वाढलेलं नसतं.

रात्रीचं तर आणखी वेगळं. अनेकांच्या दृष्टीने जेवणानंतरची सिगारेट म्हणजे जेवण संपल्याची खूण होती. ती गेल्यावर जेवण संपतच नाही. भाताचा आणखी एक घास, मग गुळाचा खडा, मग फ्रिजचं दार. टीव्हीपुढे शेंगदाण्यांचा डबा असेल तर विचारायलाच नको. एका मुठीत, म्हणजे तीसेक ग्रॅममध्ये, १७० कॅलरी असतात आणि एका मुठीवर कुणी थांबत नाही.

"पण ओढणारे लोक बारीक असतात, हे तर खरं ना?"

काट्यावर पाहिलं तर बऱ्याचदा हो. ही समजूत कंपन्यांनी मुद्दाम पोसलीही आहे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत लकी स्ट्राइक सिगारेटची जाहिरात निघाली, तिचा आशय होता: गोड खावंसं वाटलं तर त्याऐवजी लकी घ्या. ती रोख धरून बायकांसाठी होती. मिठाई बनवणारे खवळले, पण सिगारेट धडाक्याने खपली.

टेप पोटाभोवती गुंडाळली की चित्र बदलतं. सारख्याच वजनाच्या न ओढणाऱ्या माणसाशी तुलना केली तर भरपूर सिगारेट ओढणाऱ्याच्या पोटावर चरबी जास्त आढळते. हातपाय काटक, पोट पुढे. पोटाच्या आत अवयवांभोवती साठणारी ही चरबी मधुमेह आणि हृदयरोगाच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट.

आपल्याला हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही नेमका २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून बारीक, आतून चरबीदार अशी आपली ठेवण. म्हणून भारतीयांसाठी कमरेची मर्यादाही कडक धरतात, पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०. सिगारेट सोडताना वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलेल. रोज काट्यावर उभं राहण्यापेक्षा दोन आठवड्यांतून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा.

"वजन वाढून डायबेटिस झाला तर? त्यापेक्षा ओढलेली काय वाईट?"

सर्वांत वजनदार आक्षेप हाच, आणि त्याला आधारही आहे. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातल्या लोकांच्या तीन मोठ्या गटांचा अभ्यास आला. सिगारेट नुकतीच सोडलेल्यांना मधुमेह होण्याचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त दिसला. सोडल्यावर पाच ते सात वर्षांनी तो सर्वांत वर होता, मग हळूहळू उतरला.

एवढंच वाचून थांबलं की पाकीट उघडावंसं वाटतं. पुढचं वाचा. हा जादा धोका वाढलेल्या वजनाच्या प्रमाणात होता. ज्यांचं वजन वाढलं नाही त्यांच्यात तो वाढलेला दिसलाच नाही. आणि मृत्यूचं म्हणाल, तर सोडलेल्यांचा हृदयविकाराने मरण्याचा धोका ओढणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता. दहा किलोंपेक्षा जास्त वाढलेल्यांचासुद्धा.

म्हणजे पाच किलो वाढले तरी सौदा फायद्याचाच. तरीही वजनाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, विशेषतः घरात मधुमेह असेल तर. आणि सिगारेट ओढत राहिल्याने मधुमेह टळतो असं कुणाला वाटत असेल, तर ओढणाऱ्यांना तो होण्याची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असते.

ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांनी सोडण्याच्या आधी डॉक्टरांना तारीख सांगून ठेवावी. साखर वरखाली होते, औषधाचा डोस बघावा लागतो. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलांझापिन घेणाऱ्यांनीही. धुरामुळे यकृत ही औषधं लवकर निकालात काढत असतं, धूर थांबला की तोच डोस जड पडू शकतो.

मग करायचं काय?

पहिला महिना फक्त सिगारेट न ओढण्याचा. वजन उतरवायचं नाही, वाढू कमी द्यायचं, बस. यासाठी ताटाला हात लावू नका, ताटाबाहेरचं बदला.

वर सांगितलेली टपरी घ्या. तिथे जाणं बंद करा असं म्हणणं सोपं, पण मित्र तिथेच असतात. निदान पहिले दोन आठवडे दुसऱ्या टपरीवर जा, किंवा चहा जागेवर मागवा. गेलातच तर फिकी कटिंग सांगा, हातात पाण्याची बाटली ठेवा. खिशात भाजलेले फुटाणे किंवा मूठभर कुरमुरे असू द्या. गाजर-काकडीच्या कापट्या डब्यात नेणं ऐकायला आजारी माणसाचं वाटतं, पण तोंड दहा मिनिटं गुंतवून ठेवायला त्यासारखं दुसरं काही नाही. लवंग, धणाडाळ, साधी भाजलेली बडीशेप चालेल. रंगीत साखरेची बडीशेप नको. सुपारी तर अजिबात नको. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते.

चहाचं आणखी एक. धुरातल्या रसायनांमुळे ओढणाऱ्याचं शरीर कॅफिन भराभर संपवतं. सोडल्यावर तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात बराच वेळ टिकतं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं हे सगळं "सिगारेट सोडल्यामुळे" वाटतं आणि त्यातलं काही निव्वळ सहाव्या कपामुळे असतं. चहा-कॉफी निम्म्यावर आणली की अस्वस्थता उतरते, आणि साखरही आपोआप निम्मी होते.

पोट साफ न होणं हीसुद्धा खरी तक्रार आहे. सकाळची सिगारेट घेतल्याशिवाय होतच नाही म्हणणारे थोडे नाहीत. निकोटीन आतड्यांना चालना देत असतं, ते थांबलं की काही आठवडे बद्धकोष्ठ राहतं, पोट फुगतं, आणि माणूस त्यालाच चरबी समजतो. भाजी-कोशिंबीर, ज्वारीची भाकरी, सालासकट पेरू, भरपूर पाणी, रात्री इसबगोल. बहुतेकांचं भागतं.

चालणं मात्र सोडू नका. अर्ध्या तासात शंभर-दीडशे कॅलरीच जळतात, त्यामुळे वडापाव चालून फेडता येत नाही. चालण्याचा तातडीचा फायदा वेगळा आहे. तल्लफ आली की दहा-पंधरा मिनिटं झपझप चालल्याने ती ओसरते. जेवणानंतर फेरी मारायला बाहेर पडलात तर फ्रिजही दूर राहतो. व्यायाम टिकवणाऱ्यांचं वजन वर्षाअखेरीस इतरांपेक्षा एक-दोन किलो कमी वाढलेलं काही अभ्यासांत दिसलं आहे.

निकोटीन गमबद्दल आपल्याकडे उगाच संकोच आहे. एक व्यसन सोडून दुसरं कशाला, हा त्यामागचा विचार. गममधून निकोटीन हळूहळू मिळतं, धूर आणि डांबर मिळत नाही, तल्लफ आवरते आणि भूकही काहीशी ताब्यात राहते. वजनवाढ त्यामुळे टळतेच असं नाही, पुढे ढकलली जाते. पण पहिले अवघड आठवडे निघून गेल्यावर वजनाशी दोन हात करणं सोपं असतं. गम च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात धरायचा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांनी ठरवायच्या.

"दोन्ही एकदमच करतो, सिगारेटही बंद आणि भातही बंद"

उत्साह चांगला, पण मी सावध राहायला सांगेन. उपाशी माणसाला तल्लफ जास्त छळते. काही तास पोटात काही नसलं की डोकं चढतं, चिडचिड होते, आणि ही भूक आहे की निकोटीनची ओढ हे त्याला स्वतःलाच कळत नाही. दोन्ही आघाड्यांवर लढताना एक हातची गेली तर बहुधा सिगारेटचीच जाते. वेळेवर जेवा, डाळ-उसळ-अंडी-दही वाढवा, संध्याकाळचं पाच वाजताचं खाणं आधीच ठरवून ठेवा. वजन उतरवायचा बेत दोन-तीन महिन्यांनी, तल्लफ बसल्यावर करा.

"आता ती इंजेक्शनं आली आहेत ना?"

टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनाची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आल्यापासून हा प्रश्न येणारच. त्याच कुळातलं ड्युलाग्लुटाइड नावाचं औषध स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या रुग्णालयात सिगारेट सोडणाऱ्यांना बारा आठवडे देऊन पाहिलं. तेवढ्या काळात वजन वाढण्याऐवजी किलोभर उतरलं. सिगारेट सुटण्याचं प्रमाण मात्र औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सारखंच राहिलं, आणि वर्षाअखेर वजनातला फरकही उरला नाही. लठ्ठपणा किंवा मधुमेह आधीपासून असेल तर डॉक्टरांशी बोला. नुसते चार किलो वाढतील म्हणून महिन्याला हजारो रुपये घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

आणि तंबाखू, मिश्री?

महाराष्ट्रात खरं तर हाच प्रश्न मोठा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते आणि २४.४ टक्के तंबाखू खाणारे किंवा लावणारे. निकोटीन तेच, त्यामुळे सोडल्यावर भूक वाढणं इथेही येतं. मिश्री लावणाऱ्या बायकांची तक्रार थोडी वेगळी असते, सकाळी हिरड्यांना काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. बोटाने साधं दंतमंजन लावणं, नंतर लवंग चघळणं यावर काहींचं निभतं. बार भरणाऱ्यांच्या गालाला रिकामपण जाणवतं, आणि तो गाल गोळी-बिस्किटाने भरायचा मोह आवरावा लागतो.

"माझं आधीच दहा किलो वाढलंय"

मग सिगारेट पुन्हा धरू नका, एवढंच आधी. ती धरली तर वाढलेलं सगळं उतरेल याची खात्री नाही, आणि तल्लफेचा पहिला आठवडा मात्र पुन्हा पहिल्यापासून काढावा लागेल. तीन महिने उलटले असतील तर आता तुम्ही वजन कमी करणाऱ्या इतर कुठल्याही माणसासारखेच आहात. आठवड्याला पाव ते अर्धा किलो या गतीने उतरवा, रात्रीचं जेवण लवकर घ्या, गोड आणि तळलेलं आठवड्यातून एखाद्या दिवसावर आणा. साखर, रक्तदाब आणि थायरॉईड एकदा तपासून घ्या. वाढलेल्या प्रत्येक किलोचं खापर सिगारेटवरच फुटतं आणि दुसरं कारण सापडायचं राहून जातं.

सोडायची तारीख अजून ठरायची असेल, तर केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे: १८००-११-२३५६. मराठीतून बोलता येतं, त्यासाठीचं केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आहे. फोन केलात तर वजनाची भीती पहिल्याच वेळी सांगून टाका. लाजून ती मागे ठेवली तर सल्ला फक्त तल्लफेपुरता मिळतो.